हात दिसतायत का?

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. भरतकामाच्या डब्याच्या तळाशी दोऱ्याचे तुकडे कसे आपोआप साठतात, तसे ते साठतात. टाकून द्यावेत म्हणून उचलले की कुणीतरी म्हणतं, "राहू दे गे, लागतील कधीतरी." आमच्या लाइव्हचं तसंच झालंय. चार जणी कुठं भेटल्या की एक तरी म्हणतेच, "सुप्रिया, ते हत्तींचं सांग की!" आणि मी सांगत बसते. एरवी फोन वाजला तरी दचकणारी मी, पण हे सांगताना दचकत नाही. दचकायचं सगळं त्या वेळीच दचकून झालंय!

आमचं लाइव्ह म्हणजे गिरिजाअक्कांच्या कसुतीच्या वर्गाचं. हुबळीत दाजीबानपेठेत एका कापडाच्या दुकानावर मंडळाची खोली आहे. तिथं अक्का वर्षानुवर्षं कसुती शिकवतात. इरकली साडीच्या पदरावर, खणावर असतं ते आमच्या धारवाडकडचं भरतकाम. कापडाचे धागे मोजून सुई घालायची आणि दोऱ्याला गाठ म्हणून मारायची नाही.

तर एका दुपारी मंडळाचे अध्यक्ष जिना चढून वर आले. त्यांना सगळे अप्पाच म्हणतात. रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवत ते म्हणाले, "गिरिजाबाई, दिवाळीपर्यंत खुर्च्या भरल्या तर बघू. नाहीतर पोरं जिमसाठी खोली मागायलीत."

अक्कांचं घर दीड खोलीचं. तिथं वर्ग भरणं शक्य नाही. मुलगा बेंगळूरला, तो कधीचा मागं लागलाय, "आता ये इकडं." खोली गेली की वर्ग गेला आणि वर्ग गेला की अक्का बेंगळूरला गेल्या, इतकं सरळ होतं ते. अप्पा खाली उतरल्यावर अक्का मला एवढंच म्हणाल्या, "बेंगळूरला मला अक्का कोण म्हणणार गे?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आपण लाइव्ह करूया."

बोलून गेले आणि घाबरले! कारण मला येत काहीच नव्हतं. जुन्या हुबळीतल्या आमच्या विहारातला कार्यक्रम मी एकदा लाइव्ह केला होता, म्हणजे फोन धरून उभी होते. हात असा थरथरत होता की कोल्हापूरच्या मावशीनं विचारलं, "तिकडं भूकंप झाला का गे?" पण तेवढ्यावर 'सुप्रियाला लाइव्ह येतं' असं माझं नाव झालं होतं.

*

पहिली अडचण स्टँडची. टेबलावर टाका घालणारे हात दिसायचे तर फोन वरून खाली बघणारा हवा. तसला स्टँड आमच्याकडं कुठला?

माझी आई एका नर्सिंग होममध्ये आया आहे. तिथं अडगळीत एक सलाईनचा स्टँड पडला होता, एका चाकानं अधू. आईनं विचारून तो आणला. बाटली अडकवायच्या हुकाला फोन बांधला की काम झालं! फक्त तो जुन्या हुबळीतून दाजीबानपेठेत न्यायचा होता.

रिक्षा थांबवली. रिक्षावाल्या अण्णांनी आधी स्टँड बघितला, मग मला बघितलं. माझा चेहरा मुळातच असा की मी लग्नाला निघाले तरी लोकांना वाटतं, कोणीतरी सिरियस आहे.

"कोण अॅडमिट?" अण्णांनी विचारलं.

"अक्कांच्या..." मी सुरुवात केली. पुढं 'वर्गासाठी नेतेय' असं म्हणायचं होतं. पण खड्डा आला आणि वाक्य खड्ड्यात राहिलं.

तिथून पुढं त्या अण्णांनी रिक्षा अशी चालवली, जशी मागं अंड्यांची रास ठेवलीय! प्रत्येक स्पीडब्रेकरला स्वतःशीच "हळू, हळू" म्हणत होते. उतरताना म्हणाले, "चिंता माडब्याडरी, काळजी करू नका, बरं होतंय सगळं."

ते अजून भेटतात. लांबूनच ओरडतात, "अक्का कशा आहेत?" आता खरं सांगायची माझी हिंमत नाही. मी म्हणते, "बऱ्या आहेत. शिवायला बसतात आता." ते आकाशाकडं बघून हात जोडतात. मध्यंतरी तर त्यांनी माझ्याबरोबर शहाळं पाठवलं, पेशंटसाठी.

अक्का प्यायल्या!

*

कॅमेऱ्यात फक्त हात येणार, तोंड नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. ठरवलं कमळाबाईंनी. कमळाबाई म्हणजे वर्गातल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी, कधीच पास न झालेल्या. "माझं तोंड दिसलं तर सासरचे म्हणतील, ही हुबळीत हेच धंदे करायलीय!" त्यामुळं प्रत्येक लाइव्हच्या सुरुवातीला अक्का विचारतात, "हात दिसतायत का, हात?" मग बघणाऱ्या कॉमेंट लिहितात आणि त्या मी मोठ्यानं वाचून दाखवते.

पहिल्या लाइव्हला आकडा आला, एक!

"एक जण बघतंय!" मी ओरडले. अक्कांनी घाईनं पदर सारखा केला, दिसणार फक्त हात असूनही. कोण असेल? पुण्याची? मुंबईची? अमेरिकेची?

टेबलापलीकडं कमळाबाई मांडीतल्या फोनमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"अहो, तुम्ही समोरच बसलाय की!"

"समोर अक्कांचं डोकं मधे येतंय. ह्यात बघ, कसं स्वच्छ दिसतंय!"

बाकीच्या तिघींना ते इतकं पटलं की त्यांनीही फोन काढले. आता लाइव्ह म्हटलं तरी ते फोनवर पोचायला थोडा वेळ लागतो. खोलीत बसलेल्या चौघी खोलीच्या मागं चालू लागल्या. अक्का विचारायच्या, "समजलं का?" सगळं शांत. अक्का बिचाऱ्या पुन्हा समजावायला घेणार, तोवर चौघी एकसुरात, "समजलं!"

कहर म्हणजे अक्कांनी मधेच एक विनोद सांगितला. कोणी हसलं नाही. जरा हिरमुसून त्या पुढं म्हणाल्या, "काल आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी गेल्या हो."

आणि चौघी खो खो हसल्या!

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यांना काय झालंय गे?"

*

मग आवाजाची भानगड. माइक हाताजवळ ठेवला होता. कॉमेंट आली, "मागे टांगा चाललाय का?"

टांगा नव्हता, अक्कांच्या काचेच्या बांगड्या होत्या. सुई वर आली की खळ्, खाली गेली की खळ्.

मी भीत भीत म्हटलं, "अक्का, लाइव्हपुरत्या बांगड्या काढून ठेवायच्या का?"

अक्कांनी सुई खाली ठेवली. "लग्नाआधी आईनं भरल्या तेव्हापासून हात रिकामा नाही. हे होते तेव्हा काढल्या नाहीत. हे गेले तेव्हा सगळं गाव काढ म्हणत होतं, तेव्हा काढल्या नाहीत. आता तुझ्या मोबाइलसाठी काढू होय?"

मी खुर्चीतल्या खुर्चीत अर्धी झाले. शेवटी कमळाबाईंनी आपला रुमाल काढला आणि अक्कांच्या मनगटावर बांगड्यांसकट घट्ट गुंडाळला. खळखळ बंद!

पुढच्या आठवड्यात बघणाऱ्यांनी आपापल्या कामाचे फोटो पाठवले. मी एकेक उघडत गेले. सांगलीच्या बाईंच्या मनगटाला रुमाल. निपाणीच्या दोघी बहिणींच्या मनगटाला रुमाल. गदगच्या एका बाईंनी तर खास खणाची पट्टी शिवून, वर हुक लावून घेतला होता. सगळ्यांना वाटलं, कसुतीची पद्धतच आहे ती!

मी लगेच खुलासा लिहायला घेतला. तेवढ्यात गदगच्या बाईंचा मेसेज आला, "पट्टी बांधल्यापासून टाका एकदम सरळ यायला लागलाय. इतकी वर्षं कोणी सांगितलंच नाही!"

खुलासा मी खोडला.

*

इंटरनेट आम्ही खालच्या कापड दुकानातून घेतो. दुकानदार बसण्णा भला माणूस. मात्र गिऱ्हाईक आलं की त्यांचा कॅमेरा, त्यांचा फोन, त्यांच्या भाच्याचा फोन सगळं एकदम सुरू होतं आणि वर आमचं लाइव्ह गोठतं.

एकदा असंच अक्कांची सुई कापडावर टेकणार इतक्यात चित्र थांबलं. मला ते कळलंच नाही. खोलीत अक्का बोलतायत, ओळ पुरी झाली, दुसरी सुरू झाली. बाहेर मात्र सगळ्यांच्या फोनवर तो एकच हात, ती एकच सुई, तशीच हवेत.

शेवटी मी कॉमेंट बघितल्या. वाटलं, शिव्या असतील.

पहिली कॉमेंट होती, "अक्कांचा हात बघा किती स्थिर!" त्याखाली दुसरी, "नाहीतर आपण. जरा धीर नाही." तिसरीनं तर मुलीला फोन देऊन सांगितलं होतं, "बघ, एकाग्रता ह्याला म्हणतात."

*

अक्का शिकवतात मराठीत, पण धागे मोजतात कानडीत. "वंद, एरड, मूर, नाक," चार मोजले की सुई वर. मराठीत मोजायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला आणि तीनवर अडकल्या. म्हणाल्या, "बोलायला कुठलीही भाषा चालते गे. बोटांना एकच येते."

मी मग रोज सुरुवातीला सांगायला लागले की वंद म्हणजे एक, एरड म्हणजे दोन. बघणाऱ्या वाढत चालल्या होत्या आणि बऱ्याच जणी महाराष्ट्रातल्या, कानडी न येणाऱ्या होत्या.

साताऱ्याच्या एक बाई नवऱ्याबरोबर धारवाडला लग्नाला आल्या. वाट वाकडी करून वर्गात आल्या आणि अक्कांच्या पाया पडल्या. "अक्का, टाके काही मला अजून जमले नाहीत. पण काल मंडईत मी ह्यांच्यादेखत कानडीत लिंबं मोजून घेतली. हे बघतच राहिले!"

"किती घेतली?" अक्कांनी विचारलं.

"चारच," बाई म्हणाल्या. "पुढचे आकडे तुम्ही कुठं शिकवलेत?"

*

हे सगळं चालू असताना दिवाळी जवळ यायला लागली. मी हिंमत करून अप्पांना फोनवरचा आकडा दाखवायला गेले. केवढ्या बायका बघतायत! अप्पांनी फोन लांब धरून बघितला, परत दिला आणि म्हणाले, "बाळ, हे आकडे खुर्चीवर बसत नाहीत. मला डोकी दाखव."

मी घरी येऊन आईपाशी रडले. आई म्हणाली, "मग डोकी बोलाव." जसं काही डोकी दळणाच्या डब्यासारखी मागवता येतात!

पण एक डोकं आपल्या पायानं आलं, तेही तणतणत. तेच ते हत्तींचं.

मधे काही दिवस मी फोन उलटा बांधला होता. पुढचा कॅमेरा वापरला की स्क्रीन अक्कांकडं राहते आणि त्यांना आपले हात दिसतात, म्हणून. पण सेटिंगमध्ये माझं बोट कुठं पडलं कोण जाणे, बघणाऱ्यांना सगळं आरशातल्यासारखं डावं-उजवं दिसायला लागलं. तेव्हा साडीच्या काठावर हत्तींची रांग चालू होती. अक्कांचे हत्ती उजवीकडं निघालेले.

एका दुपारी दार धाडकन उघडलं. मी इतकी दचकले की सलाईनचा स्टँड हलला. दारात एक बाई, हातात पिशवी.

"मी शेवंता. अळणावरहून पॅसेंजरनं आले. गिरिजाअक्का कोण?"

अक्कांनी हात वर केला. शेवंताबाईंनी साडी टेबलावर पसरली. "माझ्या नणंदेच्या मुलीची आहे. रुखवतात ठेवायचीय. तुम्ही सांगितलं तसं धागा न् धागा मोजून केलं. आता सासूबाई म्हणतात, हत्ती घराबाहेर चाललेत! सगळे डावीकडं! लक्ष्मी बाहेर काढायलीस का, म्हणतात!"

खरंच, एकूण एक हत्ती डावीकडं. मला सेटिंग आठवलं. एवढं काम! उसवायचं म्हटलं तर टाक्याटाक्याला भोक, सगळं कापड चाळणीसारखं दिसणार.

अक्कांनी चष्मा पुसला. साडी हातात घेतली. अगदी शांतपणे, पापड परतावा तशी ती उलटी करून टेबलावर ठेवली.

मागच्या बाजूला तेच हत्ती. तोच टाका, तेवढाच स्वच्छ. सगळे उजवीकडं, घरात यायला निघालेले!

"ही बाजू वर ठेवा," अक्का म्हणाल्या. "कसुतीला उलट बाजू नसतेच हो. कॅमेऱ्याला असते."

शेवंताबाई बराच वेळ दोन्ही बाजू बघत राहिल्या. मग त्यांनी एक खुर्ची ओढली आणि बसल्या. आता त्या दर आठवड्याला पॅसेंजरनं येतात. नंतर येताना त्यांनी जाऊ आणली. जावेनं मैत्रीण आणली. कारण काय, तर फोनवर मागची बाजू दिसत नाही!

*

आता शेवटचा.

दिवाळी होऊन गेली. खुर्च्या बऱ्याच भरल्या होत्या, पण सगळ्या नाही. आम्ही कोणी तो विषय काढत नव्हतो. अक्कांनी मात्र आदल्याच दिवशी घरातली भांडी बांधायला काढलेली मी पाहिली होती.

त्या दुपारी लाइव्ह चालू असताना अप्पा वर आले. अंगात नेहमीचं जाकीट, हातात खोलीची किल्ली. खुर्च्यांवरून नजर फिरवली. दोन रिकाम्या.

"गिरिजाबाई, मी शब्द दिला होता. उद्या जिमचं सामान येतंय. आज कुलूप लावायला आलोय."

लाइव्ह बंद करायला हवं होतं. हे सगळं बाहेर ऐकू जात होतं. पण माझा हात जिथं होता तिथंच राहिला, हलेचना.

अक्कांनी मान वर केली नाही. "ओळ अर्धी आहे, अप्पा. अर्धी ओळ सोडून उठत नाहीत. पुरी होईपर्यंत बसा की."

अप्पा बसले. रिकाम्या दोन खुर्च्यांतली एक अक्कांच्या शेजारीच होती. अप्पांचा हात टेबलावर आला आणि कॅमेऱ्यातही आला, किल्लीसकट.

थोडा वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं काय असतंय ह्यात? रेघा तर आहेत."

अक्कांनी कापड त्यांच्यासमोर सरकवलं, सुई पुढं केली. "घाला की मग एक टाका. चार धागे सोडायचे."

अप्पांनी डाव्या हातात किल्ली तशीच धरली, उजव्या हातात सुई घेतली आणि कापडावर वाकले. आणखी वाकले. नाक टेकायचं बाकी राहिलं.

"धागे कुठायत ह्यात? मला काहीच दिसत नाही."

तेवढ्यात स्क्रीनवर कॉमेंट आली. एक बाई रोज लाइव्हला असायच्या. नाव नाही, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. प्रश्न कधी विचारायच्या नाहीत, काम कधी पाठवायच्या नाहीत. आज पहिल्यांदाच त्यांनी लिहिलं होतं. मी सवयीनं मोठ्यानं वाचलं.

"चष्मा जाकिटाच्या आतल्या खिशात आहे. आणि किल्ली खाली ठेवा म्हणावं, मोजायला दोन्ही हात लागतात."

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"कोण लिहितंय हे?" अप्पांनी विचारलं.

"नाव नाही, अप्पा," मी म्हटलं. "नुसतं जास्वंदीचं फूल आहे."

"जास्वंद तर आमच्या दारात आहे," अप्पा पुटपुटले. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. आतल्या खिशात हात घातला, चष्मा काढला, डोळ्यांवर लावला. कापड दोन्ही हातांनी नीट धरलं. मग मान वर करून, स्टँडला लटकलेल्या त्या फोनकडं बघत त्यांनी हळूच विचारलं,

"चारच सोडायचे, ना?"